त्रिनिदादला निघालात? आधी ऊस समजून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत त्रिनिदादवर पानभर मजकूर आला. फोटो झकास होते. मजकुरात मात्र निळे पाणी, नारळ, रम आणि कार्निव्हल यापलीकडे फारसे काही नव्हते. इतिहासाच्या वाट्याला तीन वाक्ये आली आणि त्यातली दोन चुकली. एक, ‘वेस्ट इंडिज देशातले हे रमणीय बेट’. दुसरे, ‘भारतीय मंडळी व्यापारानिमित्त येथे स्थायिक झाली’.

पहिली चूक क्रिकेटमुळे होते, ती समजण्यासारखी आहे. वेस्ट इंडिज हा देश नाही, अनेक देशांचा मिळून केलेला क्रिकेट संघ आहे. १९५८ ते १९६२ या चार वर्षांत त्या नावाचे संघराज्य खरोखर होते आणि राजधानी त्रिनिदादमधलेच पोर्ट ऑफ स्पेन होती, पण ते मोडले आणि ३१ ऑगस्ट १९६२ला ‘त्रिनिदाद आणि टोबॅगो’ स्वतंत्र झाला. दुसरी चूक मात्र पुण्यातल्या वर्तमानपत्रात व्हायला नको होती. त्या बेटावर भारतीय माणूस ज्या वाटेने पोहोचला ती वाट बंद व्हावी म्हणून कायदेमंडळात ठराव मांडणारा माणूस याच गावचा होता. त्याच्याकडे येऊच, आधी बेट पाहू.

त्रिनिदाद व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून सर्वांत जवळच्या टोकाला जेमतेम ११ किलोमीटरवर आहे. क्षेत्रफळ सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडे कमी. दक्षिण अमेरिकेचा तुटून अलग झालेला तुकडाच तो. ओरिनोको नदीचा गाळ वाहून येतो त्यामुळे बेटाभोवतीचे पाणी बऱ्याच ठिकाणी गढूळ, हिरवट-तपकिरी दिसते. पुरवणीतला तो काचेसारख्या पाण्याचा फोटो शेजारच्या टोबॅगो बेटाचा असावा असा आमचा दाट संशय आहे. २०११च्या जनगणनेत दोन्ही बेटांची मिळून लोकसंख्या १३ लाखांवर होती. त्यात भारतीय वंशाचे ३५ टक्के, आफ्रिकी वंशाचे ३४ टक्के, आणि उरलेले बहुतेक मिश्र.

इतिहासाची तोंडओळख करून घ्यायची सर्वांत सोपी रीत म्हणजे रस्त्यावरच्या पाट्या वाचत जाणे. अरिमा, चगुआनास, नापरिमा, कारोनी ही नावे मूळ रहिवाशांची. सान फर्नांडो, सांग्रे ग्रांदे स्पॅनिश. ब्लांशिस्यूझ, प्वांतापिएर फ्रेंच. प्रिन्सेस टाउन आणि वॉटर्लू इंग्रजी. आणि दक्षिणेला उतरलात की फैजाबाद, बराकपूर, गोवळकोंडा. एवढ्याशा बेटावर पाच थर! क्रमही साधारण हाच.

पहिल्या थराचे एक ठिकाण मुद्दाम सांगतो. पेनाल गावाजवळ ‘बनवारी ट्रेस’ आहे. ट्रेस म्हणजे तिकडच्या बोलीत आडरस्ता. तिथे १९६९मध्ये मानवी सांगाडा सापडला. ही वस्ती सुमारे सात हजार वर्षांपूर्वीची, कॅरिबियनमधल्या सर्वांत जुन्या वस्त्यांपैकी एक. ज्या माणसाच्या भाषेचा एक शब्दही उरला नाही तो आज कुणा बनवारीच्या नावाने ओळखला जातो. प्रत्यक्ष जागेवर मात्र पाहण्यासारखे काही नाही. झाडी आणि एक उंचवटा, बस्स. वाट वाकडी करून गेलात तर निराश व्हाल.

कोलंबस आला तो तिसऱ्या सफरीत, ३१ जुलै १४९८ला. तीन टेकड्या एकत्र दिसल्या म्हणून त्याने ख्रिस्ती त्रिमूर्तीचे नाव ठेवले. त्यानंतर स्पेनने जवळजवळ तीनशे वर्षे या बेटाकडे ढुंकून पाहिले नाही म्हटले तरी चालेल. १५९२मध्ये सान होसे दे ओरुन्या ही राजधानी वसवली, तेच आजचे सेंट जोसेफ. १५९५मध्ये इंग्रज वॉल्टर रॅलेने ती जाळली. जाता जाता त्याने ला ब्रेआच्या डांबराच्या तळ्यातले डांबर काढून आपल्या गलबतांच्या फटी बुजवल्या. ते तळे आजही आहे, सुमारे १०० एकरांचे, आणि मधोमध सुमारे ७५ मीटर खोल सांगतात.

खरी उलथापालथ १७८३मध्ये एका कागदाने केली. स्पेनच्या राजाने फर्मान काढले : कॅथलिक असाल आणि राजनिष्ठेची शपथ घ्याल तर इथे या, जमीन फुकट. प्रत्येक गोऱ्या माणसामागे सुमारे ३२ एकर, आणि तो बरोबर आणील त्या प्रत्येक गुलामामागे त्याच्या निम्मी. म्हणजे जितके गुलाम आणाल तितके जमीनदार व्हाल. स्वतंत्र मिश्रवर्णीयांनाही जमीन होती, पण गोऱ्याच्या निम्मी. मार्टिनिक, ग्रेनेडा या बेटांवरून फ्रेंच मळेवाल्यांची रीघ लागली. तीन हजारांच्या आतली लोकसंख्या चौदा वर्षांत सतरा हजारांवर गेली, आणि त्यातले सुमारे दहा हजार गुलाम होते. राज्य स्पेनचे, बोली फ्रेंच आणि घाम आफ्रिकेचा, असा हा चमत्कारिक संसार इंग्रजांनी फेब्रुवारी १७९७मध्ये जवळपास न लढताच घेतला. १८०२च्या आमियांच्या तहाने तो त्यांचा पक्का झाला. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी वसईचा तह झाला, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको.

आता ऊस. १ ऑगस्ट १८३४ला ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपली. नुकसानभरपाई म्हणून २ कोटी पौंड मंजूर झाले, ते गुलामांना नव्हे, मालकांना. मुक्त झालेल्यांना वर ‘उमेदवारी’च्या नावाखाली आणखी काही वर्षे त्याच मालकाकडे राबायचे होते. तीही १ ऑगस्ट १८३८ला संपली. ज्यांना शक्य होते त्यांनी मळ्याकडे पाठ फिरवली, कारण बेटावर पडीक जमीन भरपूर होती. इथेच त्रिनिदाद बार्बाडोसहून वेगळे पडते. बार्बाडोसला इंच इंच जमीन मळेवाल्यांकडे होती, सुटका झालेला गुलाम जाणार कुठे? त्रिनिदादला तो जाऊ शकला. मग मळेवाल्यांनी मजूर शोधायला जगभर हात मारला. मदेराचे पोर्तुगीज आणून पाहिले. चिनी तर त्याआधीच, १८०६मध्ये, सुमारे दोनशे आणले होते. कुणी टिकले नाही. टिकले ते भारतीय.

३० मे १८४५ला ‘फतेल रज्जाक’ हे ४१५ टनांचे सागवानी जहाज पॅरियाच्या आखातात नांगरले. १६ फेब्रुवारीला कलकत्त्याहून निघालेले, म्हणजे साडेतीन महिने पाण्यावर. उतरले २२५ जण. तेव्हापासून १९१७पर्यंत १ लाख ४० हजारांहून जास्त माणसे आली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारची, कलकत्त्यामार्गे, काही मद्रासमार्गे. मराठी माणूस या ताफ्यात जवळपास नाही. आपले लोक मुंबई बंदरातून गेले ते मॉरिशसला. म्हणून त्रिनिदादमध्ये ‘महाराष्ट्र मंडळ’ शोधत बसू नका, आणि आडनावावरून कुणी जोशी-पाटील भेटेल ही आशाही सोडा.

करार काय होता ते नीट पाहिले तर ‘व्यापारानिमित्त’ हा शब्द का खटकतो ते कळेल. पाच वर्षे एकाच मळ्याला बांधलेले. दिवसाला नऊ तास, वर्षाला २८० दिवस काम. मजुरी रोजाची म्हणून सांगितली तरी हिशेब ‘टास्क’वर, म्हणजे नेमून दिलेल्या कामावर, ते पुरे केले तर २५ सेंट. टास्क किती मोठा ते मळ्याचा माणूस ठरवणार. पाऊस लागला, चिखल झाला, माणूस आजारी पडला की टास्क अर्धा राहायचा आणि मजुरीही. राहायला गुलामांसाठी बांधलेल्या किंवा त्याच धर्तीच्या चाळी, दहा-बारा फुटांची खोली, आणि दोन खोल्यांमधली भिंत छताला न भिडणारी. मळ्याबाहेर पाऊल टाकायचे तर पास हवा. पास नसला, कामाला दांडी मारली, तर तो दिवाणी मामला नाही, फौजदारी : दंड किंवा तुरुंग. मजूर अडकायचा तो खरा इथेच. ऊसतोड, कोयता, मुकादम हे शब्द आपल्याकडच्या वाचकाला नवे नाहीत. तिथे मुकादमाला सरदार म्हणत आणि गावोगाव भरती करणाऱ्या दलालाला अरकाटी. पण आपल्याकडचा तोड कामगार हंगाम संपला की गावी परततो. इथे परतीचा प्रवास फुकट मिळायचा तर एकूण दहा वर्षे बेटावर काढावी लागत.

दहा वर्षे झालेल्यांना परत पाठवणे सरकारला महाग पडे. म्हणून १८६९पासून एक तोड काढली : परतीचा हक्क सोडा आणि १० एकर सरकारी जमीन घ्या. पुढे ती ५ एकर आणि ५ पौंड झाली, आणि १८८०च्या सुमारास योजनाच गुंडाळली गेली. पण तोवर मध्य आणि दक्षिण त्रिनिदादमध्ये गावे वसली होती. ‘कलकत्ता सेटलमेंट’ सारखी नावे त्या काळाची. तुम्ही मोटारीतून जाताना घरापुढे रोवलेल्या बांबूंवर लाल-पिवळी निशाणे दिसतील, पूजा झाली की लावतात. त्यांना झंडी म्हणतात. ती या वसाहतींची खूण.

आता गोखले. फर्ग्युसनच्या मागच्या टेकडीवर १२ जून १९०५ला ज्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली, ते गोपाळ कृष्ण गोखले. आपल्याकडे त्यांचे दक्षिण आफ्रिकेचे काम आणि गांधीजींशी असलेले नाते शाळेत शिकवतात आणि तिथेच थांबतात. फेब्रुवारी १९१०मध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीला करारबद्ध मजूर पाठवणे थांबवावे असा ठराव केंद्रीय कायदेमंडळात मांडला, तो मान्य झाला. त्याच साली लंडनमध्ये या मजूरभरतीची चौकशी करणाऱ्या सँडर्सन समितीचा अहवाल आला, आणि त्याने ही पद्धत वसाहतींना उपकारक ठरवली. गोखले थांबले नाहीत. ४ मार्च १९१२ला त्यांनी दुसरा ठराव आणला : नाताळ नाही, त्रिनिदाद नाही, फिजी नाही, करारबद्ध मजुरीच सर्वत्र बंद करा. त्यांचा युक्तिवाद भावनेचा नव्हता, कलमांचा होता. अडाणी माणसाला करारातली शिक्षेची कलमे सांगितलीच जात नाहीत. त्याला माहीत नसलेल्या देशात, न निवडलेल्या मालकाकडे नेले जाते. आणि साध्या कामचुकारपणाला तुरुंग आहे. फसवणुकीवर उभारलेली आणि बळावर टिकवलेली पद्धत, असे त्यांनी तिचे वर्णन केले. सरकारी सभासदांच्या बहुमताने ठराव पडला. गोखले १९ फेब्रुवारी १९१५ला गेले. पुढच्या मार्चमध्ये, १९१६ला, मदनमोहन मालवीयांनी तोच धागा पकडून ठराव मांडला तेव्हा व्हाइसरॉय हार्डिंज यांनी तत्त्वतः मान्यता दिली. १९१७मध्ये भरती थांबली, उरलेले करार १९२०च्या सुरुवातीला रद्द झाले. पोर्ट ऑफ स्पेनमध्ये १९१२च्या त्या ठरावाची आठवण काढणारा एखादा तरी म्हातारा शिक्षक भेटतो. पुण्यात गोखले चौकातून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना तो माहीत असेल?

आता प्रत्यक्ष कुठे जायचे ते. सुरुवात नेल्सन बेटापासून करावी. १८६६ ते १९१७ या काळात आलेल्या मजुरांना आधी याच छोट्या बेटावर उतरवून तपासत आणि मग मळ्यांवर वाटत. ‘फतेल रज्जाक’ इथे लागले नव्हते, हे लक्षात असू द्या. आगार त्यानंतर वीसेक वर्षांनी झाले. जुन्या इमारती उभ्या आहेत. तेलकामगारांच्या १९३७च्या आंदोलनाचे पुढारी यूराया बटलर यांना दुसऱ्या महायुद्धात इथेच डांबले होते, आणि १९७०च्या ब्लॅक पॉवर चळवळीतल्यांनाही. होड्या शाग्वारामासकडून सुटतात, पण रोज नाही; नॅशनल ट्रस्टच्या फेऱ्यांत आधी नाव घालावे लागते. आयत्या वेळी धक्क्यावर जाऊन चालत नाही.

पोर्ट ऑफ स्पेनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात मजुरांच्या नोंदवह्या आहेत. फिजी, गयाना, सुरिनामच्या वह्यांबरोबर त्यांचा समावेश २०११मध्ये युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदणीत झाला. एकेका ओळीत माणूस कसा बसवला आहे ते पाहण्यासारखे आहे : नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, ठाणे, गाव, उंची, अंगावरची खूण. आडनाव नाही, कारण ते नव्हतेच. पुढे पहिल्या माणसाचे नावच कुटुंबाचे आडनाव झाले, म्हणून तिकडे रामलोगन, रामप्रसाद अशी आडनावे आढळतात. कारकून इंग्रज, सांगणारा भोजपुरी. त्यामुळे बस्तीचे ‘बस्टी’ आणि गाझीपूरचे काय काय झाले आहे. कुणाला पूर्वजांचे गाव शोधायचे असेल तर मोठी अडचण जुन्या जिल्ह्यांची : ‘शाहाबाद’ लिहिलेले असले तर तो जिल्हा आता नकाशावर नाही, त्याचे भोजपूर, रोहतास, बक्सर, कैमूर असे तुकडे झाले.

कारोनीच्या सपाट भागात दिवसभराची फेरी होते. चगुआनासचे ‘लायन हाउस’ १९२६चे. पांढरी, सिंहांची शिल्पे असलेली ही हवेली नोबेलविजेते व्ही. एस. नायपॉल यांच्या आजोळची. रस्त्यावरूनच बघायची. तिथून कारापिचाइमा : ८५ फुटी हनुमान आणि दत्ताचे देऊळ. ‘दत्त’ म्हटल्यावर आपल्या भाविकांची पावले वळतीलच, वळावीत. फक्त ते देऊळ मैसूरच्या स्वामीजींच्या परंपरेतले, २००३चे, म्हणजे मजुरांच्या इतिहासातले नव्हे. तो इतिहास पाहायचा तर जवळच वॉटर्लूच्या किनाऱ्यावरचे समुद्रातले देऊळ पाहा. शिवदास साधू या ऊसमळ्यावरच्या मजुराने १९४७मध्ये किनाऱ्यावर देऊळ बांधले. जागा साखर कंपनीची निघाली. पाडायला नकार दिला म्हणून १४ दिवसांची कैद, आणि देऊळ जमीनदोस्त. मग त्याने विचार केला की समुद्र कुणाच्या मालकीचा नाही. सायकलवरून दगड-सिमेंट नेत, ओहोटी साधून, त्याने पाण्यात पाचशे फूट आत भर घालायला सुरुवात केली आणि वर्षानुवर्षे घालत राहिला. आजची वास्तू १९९५ची. भरतीच्या वेळी जा. ओहोटीला चारी बाजूंना चिखल उघडा पडतो आणि फोटोत देऊळ शेतात उभे असल्यासारखे दिसते. शेजारी स्मशानघाट आहे, तिकडे कॅमेरा रोखू नये.

ऊस मात्र शोधावा लागेल. सरकारी साखर कंपनी २००३मध्ये बंद झाली आणि पुढच्या काही वर्षांत दोनशे वर्षांहून जुना धंदा आटोपला. आता देश तेल आणि वायूवर चालतो. त्याचा इतिहास फैजाबादला : १९ जून १९३७ला तेलकामगारांच्या संपाचा भडका तिथे उडाला, म्हणून १९ जून हा तिथला कामगार दिन. त्या चळवळीत आफ्रिकी वंशाचे बटलर आणि भारतीय वंशाचे एड्रियन कोला रिएन्झी, मूळ नाव कृष्ण देवनारायण, दोघेही होते. तिथले राजकारण पुढे वंशावर विभागले गेले, पण हे दोघे लक्षात ठेवावेत.

ढोल-ताशाच्या गावच्या माणसाने एक गोष्ट चुकवू नये, ती म्हणजे तिथला तासा. मातीच्या भांड्यावर बकऱ्याचे कातडे, वाजवण्याआधी जाळावर शेकून ताणलेले, जोडीला मोठा ढोल आणि झांज. तो लग्नातही वाजतो, पण त्याची मूळ जागा मोहरमची, तिथल्या भाषेत ‘होसे’. ताबूत हिंदू-मुसलमान दोघांनी मिळून उचलायचे ही जुनी चाल. १८८४मध्ये सरकारने मिरवणुका शहरात आणायला बंदी केली. मळ्यांवरचे मजूर ३० ऑक्टोबरला तरीही सान फर्नांडोकडे निघाले आणि पोलिसांनी गोळीबार केला. डझनाहून जास्त ठार, शंभराहून जास्त जखमी. त्याआधी तीन वर्षे, १८८१मध्ये, कार्निव्हलच्या पहाटे मशाली घेऊन निघालेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांची पोलिसांशी अशीच जुंपली होती. पुढे ढोलांवर निर्बंध आले, लोकांनी बांबू आपटून ताल धरला, आणि त्यातूनच १९४०च्या आगेमागे तेलाच्या पिंपांचे स्टीलपॅन झाले. आज होसे प्रामुख्याने पोर्ट ऑफ स्पेनच्या सेंट जेम्स भागात आणि सेद्रोसला होतो. तारीख हिजरी पंचांगाने सरकते, तेव्हा तिकीट काढण्याआधी बघून घ्या. ‘कार्निव्हल’चे सोमवार-मंगळवारही दरवर्षी बदलतात, आणि त्या आठवड्यात संग्रहालये, कचेऱ्या यातले काही उघडे मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

खाण्यात इतिहास सर्वांत ताजा आहे. सकाळी रस्त्यावर ‘डबल्स’ मिळतात : हळद घातलेले, तळलेले दोन मऊ ‘बारा’, मध्ये पातळसर छोले, वर कैरीचा किसलेला कुचेला, चिंच आणि शाडो बेनी, ही आपल्या कोथिंबिरीसारखी वासाची पण लांब दातेरी पाने. विकणारा मिरची किती विचारतो. ‘स्लाइट’ म्हणा. मोरुगा स्कॉर्पियन या जातीची मिरची जगातल्या सर्वांत जहाल मिरच्यांत गणली गेली आहे. कोल्हापूरचा दाखला तिथे देऊन उपयोग नाही. कागद हातावर धरून उभ्याउभ्या खायचे, चमचा मागू नये. दालपुरीत तूरडाळ नसते, पिवळ्या वाटाण्याची डाळ भाजलेल्या जिऱ्याबरोबर वाटून भरतात, आपल्या पुरणपोळीचीच तिखटमिठातली बहीण. ‘बस अप शट’ म्हणजे ‘फाटका सदरा’. तव्यावर उलथन्याने आपटून चिंध्या केलेला पराठा. वांग्याचे भरीत म्हणजे ‘बैगन चोका’, वर फोडणीचे लसूण, आणि फोडणी देणे म्हणजे ‘छौंके’. वडिलांची आई तिथेही ‘आजी’च, आईची ‘नानी’. हा शब्द भोजपुरीतून गेला, मराठीतून नाही. पण कुणी ‘माय आजी’ म्हणाला की क्षणभर गल्ली चुकल्यासारखे वाटते.

दोन गोष्टी बोलताना सांभाळाव्यात. ‘कुली’ हा शब्द तिथे शिवी आहे, गंमत म्हणूनही तोंडातून काढू नका. आणि ‘मग तुम्ही मूळचे कुठले, जात कोणती?’ ही आपली सवयीची चौकशी करू नका. ज्यांनी जहाजावर एका भांड्यातले खाल्ले त्यांना ‘जहाजी भाई’ हेच नाते पुरले. हिंदू पद्धतीच्या लग्नाला कायद्याची मान्यता मिळायला १९४५ उजाडले. तोवरची मुले कागदोपत्री अनौरस. या जखमा अजून बुजलेल्या नाहीत.

टोबॅगोवर थोडक्यात. हे बेट इंग्रज, डच, फ्रेंच आणि चक्क लॅटव्हियाकडच्या कुरलांड संस्थानाच्या हातांतून वीस-तीस वेळा फिरले, आणि १८८९मध्ये त्रिनिदादला जोडले गेले. भारतीय वंशाचे लोक इथे मोजके. डोंगरमाथ्याचे जंगल १७७६मध्ये, म्हणजे पुरंदरच्या तहाच्या वर्षी, पाऊस टिकावा म्हणून कायद्याने राखीव केले. पश्चिम गोलार्धातले सर्वांत जुने राखीव जंगल ते. निळे पाणी इथेच.

क्रिकेटवेड्यांसाठी क्वीन्स पार्क ओव्हल. मार्च १९७१मध्ये वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवले ते इथे. सरदेसाईंचे ११२ आणि पदार्पणात गावसकरांचे ६५ आणि नाबाद ६७. त्याच दौऱ्यातल्या शेवटच्या कसोटीत, याच मैदानावर, १२४ आणि २२०. १९७६मध्ये चौथ्या डावात ४०६ धावा काढून सामना जिंकला तोही इथेच. प्रेक्षकांत मजुरांची नातवंडे भारताच्या बाजूने ओरडत होती, आणि त्यावरून त्यांच्या निष्ठेबद्दल तिथे बरीच चर्चा झाली.

जाण्यायेण्याचे. थेट विमान नाही. अमेरिकेतून जायचे तर नुसते विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. तिकीट स्वस्त दिसले म्हणून काढून मोकळे होऊ नका. लंडन, टोरांटो किंवा पनामामार्गे जाणाऱ्यांनीही त्या त्या देशाचा ट्रान्झिटचा नियम आधी बघावा. घड्याळ साडेनऊ तास मागे. वीज ११५ व्होल्टची, पिन अमेरिकन चपटी. लष्करी छापाचे कपडे सामान्य माणसाने घालणे तिथे गुन्हा आहे. मुलांच्या पॅन्टी, टोप्या आणि पिशव्याही घरीच ठेवा. कोरडा हंगाम जानेवारी ते मे. चक्रीवादळांचा पट्टा बहुतेक उत्तरेला राहतो, हे त्रिनिदादचे भाग्य.

आणि सर्वांत जास्त लोक जिथे अडकतात ते जाताना नव्हे, येताना. पीतज्वराच्या देशांच्या आपल्या सरकारी यादीत त्रिनिदाद आहे. लस प्रवासाला निघण्याच्या किमान १० दिवस आधी, अधिकृत केंद्रात घ्यावी लागते, आणि पिवळे प्रमाणपत्र पासपोर्टला जोडून ठेवावे लागते. एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते. प्रमाणपत्र नसले तर मुंबई विमानतळावरून थेट विलगीकरणात. तिथून निघाल्याला सहा दिवस पूर्ण होईपर्यंत सुटका नाही. लस ठरावीक केंद्रांवर आणि ठरावीक दिवशीच मिळते, म्हणून महिनाभर आधी चौकशी करावी. साठी ओलांडलेल्यांनी, गर्भवतींनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आपल्या पुरवणीत सनस्क्रीन किती लावावे ते होते, हे नव्हते.

पुढच्या अंकात निदान ‘व्यापारानिमित्त’ हा शब्द दुरुस्त करावा, आणि त्या फोटोखाली टोबॅगो लिहावे, ही विनंती.

आपले,
कॅरिबियन इतिहासाचे दोन अभ्यासक,
सदाशिव पेठ, पुणे ३०